नळी पावण्याच्या ताटात

मी त्याच्यावर जळायचो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला वाटायला नको की हा म्हातारा मोठ्या मनानं जुन्या मित्राच्या आठवणी काढायला बसलाय. मित्र कसला? कागलहून एसटीनं यायचा, धुळीनं भरलेला, कोटाचं एक बटण कायम तुटलेलं, आणि वर्गात शिरला की सर त्याच्याकडं बघून असे खुलायचे की मी वहीत डोकं खुपसायचो. आता सर गेले, तोही गेला. ते जळणं मात्र अजून अधूनमधून होतं.

सर म्हणजे आमच्या लॉ कॉलेजात राज्यघटना शिकवणारे प्राध्यापक. घटना तेव्हा नुकती लागू झालेली. पुस्तकं मिळायची मारामार, कोर्टांचे निकाल अजून यायचे होते, आणि कुठल्या कलमाचा काय अर्थ लागतो हे भल्याभल्यांना ठाऊक नव्हतं. सरांना ठाऊक असायचं. मुंबई-पुण्याचे वकील एखाद्या मुद्द्यावर अडले की सरांना तार करायचे. इकडं कोर्टाच्या आवारात दोन वकिलांची जुंपली की तिसरा म्हणायचा, 'सरांना विचारा, मग भांडा.' माझे वडील दरबारच्या कचेरीत कारकून होते. संस्थान विलीन झालं आणि त्यांचं टेबल कुठल्या तरी नव्या खात्याच्या व्हरांड्यात जाऊन पडलं. ज्या कागदानं हे सगळं उलटंपालटं केलं, तो कागद ज्याला कळतो तो माणूस बघावा, म्हणून मी लॉला गेलो. पहिल्याच तासाला मी त्या माणसाचा झालो.

सरांची स्वतःची मतं पक्की होती. सरकार कुणाचंही असो, त्याच्या हातात दोरी सैल सोडायची नाही, हा त्यांचा पहिला धडा. माणसाचं बोलणं आणि माणसाची मालमत्ता या दोन गोष्टींना सरकारनं हात लावायचा तर कोर्टासमोर उभं राहून कारण द्यावं, पूर्ण मोबदला द्यावा, आणि तरीही थोडं लाजावं, असं ते म्हणायचे. मला ते शंभर टक्के पटलं. नुसतं पटलं नाही, पाठ झालं. सरांचं वाक्य कुठं थांबतं, कुठल्या शब्दावर ते चष्मा काढतात, चष्मा पुसताना कुठला निकाल सांगतात, सगळं मला येत होतं. बाकीची पोरं मला 'धाकटे सर' म्हणून चिडवायची. मी चिडलोय असं दाखवायचो आणि आतून सुखावायचो.

आता नळीचं सांगतो. आमच्याकडं घरात पावणा आला आणि मटण शिजलं, की नळी पावण्याच्या ताटात जाते. घरच्यांनी रस्सा ओढायचा, चुरून भाकरी खायची, उरलंसुरलं चोखायचं. पण ते मगज भरलेलं हाड पावण्याचं. त्यात कुणाचं काही चालत नाही. सरांनी हीच रीत उचलून वर्गात आणली होती. वादाला उभं राहिलात की आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं. त्यातला जो सगळ्यात जोरकस मुद्दा, ज्यानं आपलीच पंचाईत होते, तो पहिल्यांदा त्याच्या ताटात घालायचा. समोरच्यानं 'मिळाली' म्हटलं, की मग आपली बाजू मांडायला मोकळे. तो 'मिळाली न्हाय' म्हणाला, की पुन्हा पहिल्यापासून. वर्ग चालायचा इंग्रजीत, पण हे एवढं सर कोल्हापुरीतच विचारायचे. 'नळी वाढलीस काय रं त्याला? का नुसता रस्सा दाखवून उठवतोस?'

कॉलेजातली माणसंही त्यांनी अशीच जमवली होती. हिंदू लॉ शिकवणारे वृद्ध वकील होते, त्यांना नव्या कायद्यानं मुलींना वाटा मिळाला तर घरं बुडतील असं मनापासून वाटायचं. करारांचा कायदा शिकवणारे खादीवाले, रोज सूत काढणारे. फौजदारीवाले तर संस्थान गेल्याचं सुतक अजून धरून बसलेले. या सगळ्यांना सरांनी एकेक करून आणलं होतं, आणि यांतला एकही सरांच्या मताचा नव्हता. चहाच्या वेळी त्या खोलीत असा गलका चालायचा की शिपाई दार लावून घ्यायचा. कुणी सरांना म्हटलं, की अहो, तुम्ही आपलीच डोकेदुखी कशाला पदरात घेता, तर ते म्हणायचे, 'एका मताची माणसं बसवली की कॉलेजाचं भजनी मंडळ होतं. पोरं टाळ कुटत बाहेर पडतील, वकील होऊन नाही.' मी मान डोलवायचो. आपण त्या खोलीत कुठं बसणार, हे मला तेव्हाच दिसत होतं: सरांच्या शेजारची खुर्ची, खिडकीजवळची.

आणि मग हा कागलकर आला.

शेतकऱ्याचं पोर. बाप दुसऱ्याची जमीन खंडानं कसायचा. हा मोर्च्यात पुढं, सभेत पुढं, मतं लालभडक. पहिल्याच आठवड्यात सर मालमत्तेच्या हक्कावर, एकतिसाव्या कलमावर बोलत होते, आणि हा मागच्या बाकावरून उठून म्हणाला, 'सर, तुमचं चुकतंय की.' सगळी पोरं वळून बघायला लागली. मला वाटलं, आता ह्याची गठडी वळली. सर चष्मा काढून म्हणाले, 'चुकत असंल. पण आधी मला वाढ.' आणि ह्या गड्यानं सरांची बाजू मांडली. खणखणीत. रीत नुकती ऐकलेली, तयारी काही नाही, इंग्रजी खडबडीत, पण सरांच्या मनातला जो खरा मुद्दा, ज्याच्या भोवती ते तासभर फिरत होते, तो ह्यानं उचलून त्यांच्यासमोर ठेवला. 'आज इनामदाराची जमीन घ्यायला जे सरकार मोकळं सोडाल, तेच उद्या तुझी झोपडी घेईल, असं तुम्ही म्हणताय.' सर हसले. मी त्यांना तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, 'मिळाली.'

तो शब्द मी घरापर्यंत नेला. रात्री भाकरी ताटात तशीच ठेवून उठलो. आईनं विचारलं, काय झालं? काय सांगणार? कागलच्या एका धुळकट पोराला सर 'मिळाली' म्हणाले, हे आईला कसं सांगायचं?

त्यानंतर दोघांची रोज जुंपायची. हा म्हणायचा, घटनेतल्या मूलभूत हक्कांना तुम्ही देव्हाऱ्यात बसवलंय आणि मार्गदर्शक तत्त्वांना उंबऱ्याबाहेर. गरिबाचं पोट तर त्या बाहेरच्या प्रकरणात लिहिलंय. सर म्हणायचे, पोटासाठी तोंड बांधून घेतलंस तर पोट रिकामं आहे हे सांगायचं कशानं? मी मध्ये बोललो की सर 'बरोबर' एवढंच म्हणायचे आणि पुन्हा त्याच्याकडं वळायचे. बरोबर म्हणे. 'बरोबर' या शब्दाचा मला तेव्हापासून वीट आलाय.

एकदा सरांनी मला आणि त्याला समोरासमोर उभं केलं. मालमत्तेच्या हक्काची बाजू माझी, विरोधाची त्याची. त्यानं मला वाढायचं होतं. त्यानं माझी बाजू अशी मांडली की मी स्वतः मांडली असती तर तशी झाली नसती. कुठून आणलं होतं कुणास ठाऊक, एका विधवेचं उदाहरण दिलं, नवऱ्यामागं दोन बिघे जमीन एवढाच आधार असलेली, आणि सरकारी हुकमापुढं ती कोर्टाशिवाय कुणाकडं जाईल असं विचारलं. वर्ग माझ्याकडं बघायला लागला. आता मी 'मिळाली' म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, 'मिळाली नाही.' त्यानं पुन्हा मांडली, आणखी चांगली. मी पुन्हा म्हणालो, 'मिळाली नाही.' तो हसून म्हणाला, 'पावणं, आता बोकड संपला की.' वर्ग खो खो हसला. सरही. मी तेव्हापासून त्याच्याशी कामापुरतं बोलायला लागलो, आणि काम मी पडू दिलं नाही.

पुढं त्याला पकडलं. कुठल्याशा मोर्च्यानंतर कसलासा हुकूम निघाला, खटला नाही, काही नाही, नेऊन कळंब्याच्या तुरुंगात बसवला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. वाटलं, आता वर्गात शांतपणे शिकता येईल. तर सरांनी वकील म्हणून त्याला भेटायची परवानगी काढली. दर रविवारी सकाळी सायकल काढायची, कळंब्याला जायचं, आणि त्या भिंतीच्या आत बसून त्याच्याशी वाद घालायचा. सोबत मी. मला आत जायची परवानगी नव्हती. मी बाहेर झाडाखाली दोन सायकली सांभाळत बसायचो. सर बाहेर यायचे ते तरतरीत होऊन. 'आज त्यानं मला बाविसाव्या कलमावर, त्या बिनखटल्याच्या अटकेवर, चांगलंच अडवलं,' असं सायकल मारत मारत सांगायचे. त्याची सगळी मतं सरांना अमान्य, आणि खटल्याशिवाय त्याला आत ठेवणं त्याहून अमान्य. म्हणून त्याच्या सुटकेचा अर्जही सरांनीच लिहिला. मी कधी तुरुंगात गेलो नाही हे माझं नशीबच फुटकं, असं तेव्हा मला खरोखर वाटायचं.

तो सुटला. उरलेलं वर्ष पुरं करून पास झाला. मी तोवर सनद घेऊन एका वकिलाकडं बसायला लागलो होतो आणि संध्याकाळी कॉलेजात सरांच्या वतीनं ट्यूटोरियल घ्यायचो, फुकट. रविवारी दुपारी मात्र आम्ही दोघं सरांच्या घरी जेवायला.

सरांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणायचो. काकू मटण असं करायच्या की वास गल्लीच्या तोंडाशीच गाठायचा. तर पाट मांडले जायचे, आणि काकू वाढायला लागल्या की नळी जायची कागलकराच्या ताटात. दर रविवारी. माझ्यापाशी आल्या की पातेलं खाली ठेवून म्हणायच्या, 'तू घरचाच. तुझं तू घे बाबा.' मी स्वयंपाकघराच्या दाराशी बसलेलो असायचो, हात लांब करून रस्सा घ्यायचो, तळाशी चमचा फिरवून दोन फोडी शोधायचो. हाडं कटकटा फोडून मगज ओढणारा तो मला समोर दिसायचा आणि सर त्याला सांगत असायचे, 'सावकाश, पळून जात नाही ती.' नळीवरून मला राग यायचा, यायचा नाही असं कशाला सांगू? पण त्या 'घरचाच'वर मी तो राग गिळायचो. मला वाटायचं, खा लेका किती खायची ती नळी. तू पावणा. पावणा उठून जातो. घर घरच्याचं असतं.

मग जागा निघाली. सरांचा घसा बसायला लागला होता, डॉक्टरांनी दोन्ही वर्षांचे तास एकट्यानं घ्यायला बंदी केली. घटना शिकवायला दुसरा प्राध्यापक नेमायचा, असं संस्थेच्या मंडळानं ठरवलं. हा दुसरा म्हणजे उद्याचा पहिला, हे सगळ्यांना कळत होतं. सरांमागं त्यांचा विषय ज्याच्या हातात जाईल तो हा माणूस. मी वडिलांना सांगितलं. वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी शिंप्याकडं कोट टाकला.

अर्ज दोघांनी केले. सरांनी शिफारस कुणाची केली, हे मी त्यांना विचारलं. म्हणाले, 'दोघांची.' मला ते लागलं. तरी मनात म्हटलं, मंडळ आहे ना. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे जुने इनामदार, कूळकायद्यात ज्यांची बरीचशी जमीन कुळांकडं गेली. सोबत एक गुळाचे अडत्ये, एक निवृत्त मामलेदार. हे लोक लाल माणसाला पोरांसमोर उभा करतील? शक्यच नाही. मी निवांत झोपलो.

मुलाखतीच्या दिवशी आधी त्याला बोलावलं. बाहेर बाकावर मी नव्या कोटात बसलेलो. दारातून आवाज यायला लागले, अध्यक्षांचा आणि त्याचा, चढत गेले. तो बाहेर आला तेव्हा कानशिलं लाल झालेली. माझ्याशेजारी धपकन बसला. 'गेलं,' म्हणाला. 'त्यांनी मला म्हटलं, तुझ्या बापाला आमच्या भावबंदाची जमीन फुकट मिळाली. मी म्हटलं, फुकट तुम्हाला मिळालती. मग काय, भांडून आलो. जा तू. तुझी जागा हाय ती.' वर माझा खांदा दाबला. आता असल्या वेळी माणसानं थोडं तरी वाईट वाटून घ्यावं की नाही? हा शिट्टी वाजवत विडी प्यायला गेला.

मी आत गेलो. टेबलामागं मंडळ, आणि कोपऱ्यात सर. सरांना मत नव्हतं, विषयाचे प्रमुख म्हणून नुसते बसलेले. दोन-चार साधे प्रश्न झाले. मग अध्यक्ष पुढं वाकून म्हणाले, 'तुम्ही त्या मघाच्या पोराला ओळखता म्हणे. हा वर्गात काय शिकवील ते सांगा बघू. तुम्ही सांगाल ते खरं.'

एक वाक्य पुरलं असतं. 'तो तुमची जमीन घ्यायला शिकवील,' एवढं म्हटलं असतं तरी कोटाचे पैसे वसूल. पण माझं लक्ष कोपऱ्याकडं गेलं. सर चष्मा काढून बसले होते. इतकी वर्षं तो चष्मा दुसऱ्यासाठी निघत होता. आणि माझ्या डोक्यात खुमखुमी आली की आज ह्यांना दाखवतो, त्या कागलकराला स्वतःचं म्हणणं जसं मांडता आलं नाही तसं मी मांडून दाखवतो. आधी पावण्याला वाढतो, मग त्याला उताणा पाडतो. सरांसमोर.

मी वाढायला लागलो. म्हटलं, तो असं शिकवील की मालमत्तेचा हक्क आभाळातून पडलेला नाही. तुमचं इनाम एका राजाच्या हुकमानं आलं. राजा गेला, त्याची मोहोर गेली, आणि हुकूम द्यायचा अधिकार मत देणाऱ्या लोकांकडं आला. संस्थान एका सहीनं विलीन झालं तेव्हा तुम्ही ते मान्य केलंत, कारण लोकांची इच्छा म्हणालात. मग तीच इच्छा जमिनीबद्दल बोलली तर ती लूट कशी? मग मी थांबलो आणि नळी वाढली. म्हटलं, तो असंही शिकवील की त्याला जमीन फुकट नको. मोबदला द्याच. पण मोबदला ठरवायला बसाल तेव्हा मालकाचा कागद एका बाजूला ठेवा आणि कुळाच्या पिढ्यांनी त्या काळ्या मातीत घातलेला घाम दुसऱ्या बाजूला. त्या घामाचा मोबदला देणारं कलम कुठं आहे ते मला दाखवा, एवढाच तो पोरांना प्रश्न विचारील.

अडत्ये पानाचा डबा उघडता उघडता थांबले होते. अध्यक्ष खिडकीबाहेर बघत म्हणाले, 'आमच्या कुळांनी हे मला कधी असं सांगितलं न्हाय. नुसती डोकी फोडायला आले.' आणि कोपऱ्यातून सरांचा बसका आवाज आला. 'मिळाली.'

मला मिळाला तो शब्द. तो नसताना त्याच्या वतीनं सरांनी म्हटलेला, पण मला म्हटलेला. मी नवा कोट सारखा केला. आता आपली बाजू. अध्यक्ष वळून म्हणाले, 'ह्याला उत्तर काय तुमचं?'

मी उत्तर द्यायला लागलो. सरकारच्या हातात दोरी सैल सोडू नये. कोर्टासमोर कारण द्यावं, पूर्ण मोबदला द्यावा, आणि तरीही थोडं लाजावं. बोलता बोलता माझा हात चष्म्याकडं गेला, आणि मला चष्मा नव्हता. मामलेदार हसले. मी पुढं बोलत राहिलो, एकतिसावं कलम, एकोणिसावं, ते निकाल त्याच क्रमानं. अध्यक्षांनी हात वर केला. आवाजात राग नव्हता, उलट मायेनंच म्हणाले, 'अहो, हे तर सरांचं झालं. सरांचं आम्ही सरांकडून ऐकतोच की. तुमचं सांगा.'

मी उभा होतो. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी सरांकडं बघितलं. सर जमिनीकडं बघत होते.

'एवढंच आहे,' मी म्हणालो.

जागा त्याला मिळाली. अध्यक्षांनी बाकीच्यांना काय सांगितलं ते नंतर कोर्टात सगळीकडं झालं: 'एका घरात एकच सर पुरे. दुसरा भांडणारा हवा. आणि आमच्याशी तोंडावर भांडला, मागून नाही.' मंडळातले लोक स्वतःच्या मनाच्या मोठेपणावर खूश होते. लोक अजून सांगतात की त्या कॉलेजात सगळ्या मतांची माणसं होती, तो सरांचा प्रभाव. असेल. त्या प्रभावाखाली माझी खुर्ची गेली, हे कुणी सांगत नाही.

रविवारी मी जाणार नव्हतो. दुपारी तोच दाराशी आला, सायकलवर एक पाय टेकून. 'चल की. सर वाट बघायला लागलेत.' रस्त्यात म्हणाला, 'माझं तूच मांडलंस म्हणं आत. काय बोललास?' मी म्हणालो, 'विशेष काही नाही.' चढ आला तसा तो उतरून सायकल ढकलायला लागला. मग म्हणाला, 'मला न्हाय जमलं बघ ते. राग आला की वाढायचंच राहतं.' हे त्यानं कौतुकानं म्हटलं, आणि मला त्याला सायकलीसकट गटारात ढकलावंसं वाटलं.

सरांच्या घरी पाट मांडलेले होते. मी नेहमीसारखा स्वयंपाकघराच्या दाराशी बसायला गेलो, तर सर म्हणाले, 'इकडं ये. माझ्याजवळ बस.' मी बसलो. मला विचारायचंच होतं, म्हणून विचारून टाकलं. 'सर, तुम्हाला कोण हवा होता?'

सरांनी भाकरी मोडली. 'तू हवा होतास,' ते म्हणाले. 'किती वर्षं वाट बघितली मी. एकदा तरी म्हणशील, सर, तुमचं चुकतंय. त्यानं मला वाढलं, त्या हिंदू लॉवाल्यांनी वाढलं, खादीवाल्यांनी वाढलं. तुझ्याकडून मला कधी काही मिळालं नाही रे. तू माझंच मला परत देत राहिलास.'

मी ताटातली भाकरी चुरायला लागलो. तेवढ्यात काकू पातेलं घेऊन आल्या. कागलकराच्या पाटापाशी थांबल्या, पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, 'तुझं तू घे बाबा आता. घरचाच झालास.' तो ओशाळून हसला, हात लांब करून रस्सा घेतला, तळाशी चमचा फिरवून फोडी शोधायला लागला.

मग काकू माझ्यापाशी आल्या. वाकल्या, आणि नळी माझ्या ताटात वाढली. मोठी होती, मगजानं भरलेली, वर तर्री चढलेली. 'खा,' म्हणाल्या. 'लाजू नको.'

मी तिच्याकडं बघत बसलो. समोर तो पातेल्यात चमचा फिरवत होता.